स्वयंपाकघराचा थाट : जोतिबाच्या डोंगरावरून घेण्याजोगे काही

माघातला रविवार उजाडण्यापूर्वीच कोल्हापुरातून पंचगंगा ओलांडून वडणगे, कुशिरे, गायमुख अशा वाटेने माणसांची रांग डोंगराकडे निघते. जोतिबाचे खेटे घालणारी ही मंडळी. दर्शन झाले की ती आपापल्या पुजाऱ्यांच्या घरी टेकतात. शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट उंचीवर असलेले वाडी रत्नागिरी हे पन्हाळा तालुक्यातले गाव बाहेरच्यांना ‘जोतिबा’ याच नावाने ठाऊक आहे. देवळाभोवती दाटीने बसलेल्या इथल्या घरांमध्ये गुरव कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भाविकांची उतरण्याची सोय करीत आली आहेत. देवाचा नैवेद्य पुरणपोळीचा, त्यामुळे खेट्याच्या रविवारी या गल्ल्यांतून चालताना पुरणात पडलेल्या वेलदोड्याचा आणि जायफळाचा वास दारादारांतून येत राहतो.

अशाच एका घराच्या स्वयंपाकघराच्या दारात, चहाचा पेला हातात धरून, काही वेळ उभे राहण्याचा योग आला होता. आत तीन बायका काम करीत होत्या. एकीच्या पुढ्यात पुरणयंत्र, दुसरीच्या पुढ्यात कणकेची परात, तिसरी तव्याशी. खोली लहान होती, खिडकी एकच होती आणि तरीही कोणी कोणाला अडखळत नव्हते. झारा हवा तर हात वर केला की झारा हातात येत होता. भिंतीवरच्या मांडणीत पितळी डबे उंचीप्रमाणे उतरत्या रांगेत होते, खाली हंडा-कळशी, कोपऱ्यात पाटा-वरवंटा उभा करून ठेवलेला. सजावट म्हणून मुद्दाम आणलेली एकही वस्तू तिथे नव्हती. तरीही त्या खोलीला एक रूप होते आणि ते रूप शहरातल्या दुकानाच्या काचेमागे उभ्या केलेल्या कोऱ्या ‘मॉड्युलर किचन’पेक्षा डोळ्याला अधिक सुखावणारे होते, हे मान्य करावे लागले.

घराचे नूतनीकरण करताना आज सर्वाधिक खर्च आणि सर्वाधिक वाद स्वयंपाकघरावरून होतात. हे वाद टाळायचे असतील तर कॅटलॉग उघडण्यापूर्वी काही गोष्टींचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

मोडीत जाणारे वैभव

स्वयंपाकघर नवे करायचे ठरले की पहिली कुऱ्हाड पडते ती माळ्यावरच्या तांब्या-पितळेवर. ‘आता कोण वापरतो’ या एका वाक्यासरशी हंडे, घागरी, तपेली, परात, तसराळी, ओगराळी पोत्यात भरली जातात आणि वजनावर मोडीत जातात. मोडीचा भाव धातूचा असतो. भांड्यावर ठोक्याठोक्याने उमटलेल्या हातकामाचा, पोटावर कोरलेल्या नावाचा आणि सालाचा त्यात एक पैसाही धरला जात नाही. पुढे वर्षभरात तेच कुटुंब एखाद्या प्रदर्शनातून ‘अँटिक लूक’चा पितळी हंडा त्याच्या कितीतरी पट किमतीला आणून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवते. ही अतिशयोक्ती नव्हे, अनेक घरांत घडलेली गोष्ट आहे.

आमच्या घरीही ती घडली. कोल्हापुरातल्या सदनिकेत ट्रॉल्या बसवायचे ठरले तेव्हा माळा मोकळा करण्याच्या घाईत आजीचे पुरण शिजवायचे मोठे पितळी पातेले आणि दोन हातांनीही जेमतेम उचलेल अशी परात मोडीत गेली. नवे स्वयंपाकघर दिसायला देखणे झाले. चकचकीत पांढरी दारे, वर काचेची कपाटे, ओट्यावर एकही वस्तू नाही. चैत्री पौर्णिमेला नैवेद्य करायची वेळ आली आणि घरचे-दारचे मिळून पंचवीस पाने मांडायची ठरली, तेव्हा या देखणेपणाची परीक्षा झाली. शेजारून आणलेले मोठे पातेले हॉबच्या दोन बर्नरच्या मधल्या अंतरात बसेना. बसले तेव्हा त्याचा काठ चिमणीच्या खालच्या कडेला टेकू लागला. सिंक इतके लहान की परात तिरकी करूनही आत जाईना. पोळपाट ठेवायला ओट्यावर जागा होती, पण तो ओटा दुकानदाराने ‘स्टँडर्ड’ म्हणून दिलेल्या उंचीचा होता. आमच्या घरच्या बायकांना त्या उंचीवर पोळी लाटताना खांदे वर उचलावे लागत होते. अखेर मागच्या बाल्कनीत उसना शेगडा पेटवून पुरण शिजवले गेले आणि पोळ्या दिवाणखान्यात जमिनीवर बसून लाटल्या गेल्या. नैवेद्य वेळेवर झाला, परंतु त्या दिवशी आई एका शब्दानेही बोलली नाही. तिच्या मनात काय होते ते आम्हा सर्वांना समजले होते.

म्हणून पहिली सूचना अशी : सुताराला किंवा ट्रॉलीवाल्याला बोलावण्यापूर्वी घरातले सर्वांत मोठे पातेले, सर्वांत मोठी परात आणि सर्वांत उंच डबा बाहेर काढावा आणि टेपने मोजावा. सणासुदीला घरात किती पाने मांडली जातात, तेही कागदावर लिहावे. वर्षातून चार दिवस लागणारी भांडी असली तरी त्या चार दिवसांतच घर खऱ्या अर्थाने घर वाटते.

जी भांडी ठेवायची त्यांची विभागणी करावी. रोजच्या वापरातली, सणाची आणि केवळ पाहण्याची. पाण्यासाठी तांब्याचा हंडा वा कळशी रोजच्या वापरात सहज राहू शकते. त्यात साधे पाणीच ठेवायचे असल्याने कल्हईची आवश्यकता नसते. शिजवण्याच्या पितळी-तांब्याच्या भांड्यांना मात्र कल्हई हवीच, कारण ताक, चिंच, टोमॅटो, लिंबू असे आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवले की कळकतात आणि अपायकारक ठरतात. भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला कथील क्षणात सर्वत्र पसरवायचा, हे काम पाहणेही एक आनंद असे. दारावर ओरडत येणारा कल्हईवाला आता क्वचित दिसतो. तथापि जुन्या बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानांत विचारल्यास कारागिराचा पत्ता बहुधा मिळतो.

केवळ शोभेसाठी ठेवायच्या भांड्यांवर पारदर्शक लॅकर मारून घेतल्यास ती लवकर काळवंडत नाहीत. मात्र लॅकर मारलेले भांडे पुन्हा खाण्या-पिण्यासाठी वापरू नये. लॅकर नको असेल तर चिंच आणि मीठ, वा लिंबाची फोड आणि मीठ हा घरचा उपाय आजही तितकाच खात्रीचा आहे. घासून झाल्यावर भांडे लगेच कोरडे पुसावे, अन्यथा पाण्याचे डाग राहतात. एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सगळीच भांडी लखलखीत दिसली पाहिजेत असा अट्टाहास नको. जुन्या तांब्यावर चढलेली तपकिरी छटा स्वतःच एक रंग आहे. दहा भांडी मांडण्यापेक्षा मोठ्या पोटाचा एकच हंडा, त्याला पुरेशी मोकळी जागा आणि वरून पडणारा प्रकाश, एवढे पुरेसे होते.

मांडणी : उघडी की झाकलेली?

जुन्या घरांत भांड्यांची मांडणी उघडी असे. लाकडी वा लोखंडी चौकटीत ताटे उभी, वाट्या पालथ्या, पेले रांगेत. कपबशा कडीला लटकवलेल्या. मातीच्या मडक्यांची उतरंड, शिंक्यात लोणी, भिंतीतल्या कोनाड्यात दिवा, फडताळात लोणच्याच्या बरण्या. हे सर्व पाहायचे असेल तर कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी संग्रहालयात जावे. गावगाड्यातील जीवन तेथे पूर्णाकृती शिल्पांतून उभे केलेले आहे आणि त्यातली घरे नूतनीकरणाच्या तयारीतल्या माणसाने अवश्य न्याहाळावीत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची भेटही अशीच फलदायी ठरते. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून जमवलेला हा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन करण्यात आला. त्यातल्या विळ्या, अडकित्ते, सोऱ्या आणि दिवे पाहिले की रोजच्या वापराची वस्तू किती डौलदार असू शकते याची जाणीव होते. विळीच्या पात्यामागे मोर घडवणाऱ्या कारागिराला कोणी ‘इंटिरिअर डेकोरेटर’ म्हटले नव्हते.

बंद कपाटांची एकसलग रांग ही कल्पना आपल्याकडे युरोपातून आली. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी बांधलेल्या वसाहतींकरिता वास्तुविशारद मार्गारेटे शुट्ट-लिहोत्स्की यांनी १९२६ साली एका छोट्या स्वयंपाकघराचा आराखडा केला. स्त्रीची पायपीट कमी व्हावी म्हणून त्यांनी हातांच्या आणि पावलांच्या हालचालींचा अभ्यास करून सलग ओटा, बसून काम करण्याची सोय, डाळ-पिठासाठी ओतायला सोपे असे अॅल्युमिनियमचे खण अशी रचना केली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेव्हा बसवली गेली. कपाटांचा रंग निळसर ठेवला होता, कारण माश्या त्या रंगावर बसत नाहीत असा समज होता. आजचे मॉड्युलर किचन याच घराण्यातले. मात्र त्या आराखड्याच्या मुळाशी बाईचे श्रम वाचवण्याचा जो विचार होता, तो विक्रीच्या धांदलीत अनेकदा हरवतो आणि दारांची चकाकी तेवढी शिल्लक राहते.

आपल्या स्वयंपाकाला दोन्हींचे मिश्रण मानवते. दररोज हाताळायच्या वस्तू उघड्यावर असाव्यात. मिसळणाचा डबा, तेलाचा कावळा, मिठाची बरणी, झारा, डाव, उलथणे, चिमटा या वस्तूंसाठी एखादी ट्रॉली उघडायला लागणे म्हणजे फोडणी करपवण्याचा मार्ग होय. ओट्याच्या मागच्या भिंतीवर स्टीलची वा पितळेची आडवी कांब बसवून तिच्यावर आकड्यांनी ही साधने टांगावीत. वरच्या बाजूला बंद कपाटांऐवजी एक-दोन उघड्या फळ्या ठेवाव्यात आणि त्यांवर चिनी मातीच्या बरण्या, पितळी डबे, काचेच्या बाटल्यांतली कडधान्ये मांडावीत. मसूर, हिरवे मूग, राजमा, हळकुंडे, सुक्या लाल मिरच्या यांच्याइतके सुंदर रंग कोणत्याही शोभेच्या वस्तूत सापडत नाहीत. ऊन थेट पडणाऱ्या भिंतीवर मात्र काचेच्या बाटल्या ठेवू नयेत. मिरचीचा रंग उडतो आणि कांदा-लसूण चटणीचा कसही जातो.

उघड्या फळ्यांची अडचणही सांगायला हवी. शेगडीच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच फुटांपर्यंत तेलाची चिकट वाफ बसते. तिथे उघडी फळी ठेवल्यास दर आठवड्याला सर्व काही धुवावे लागेल. फळ्या शेगडीपासून दूरच्या भिंतीवर घ्याव्यात. धूळ-धुराचा त्रास असलेल्या रस्त्यालगतच्या सदनिकेत काचेची दारेच बरी. त्यातही आरपार काचेऐवजी रेघांची जुन्या पद्धतीची काच बसवल्यास आतला पसारा दिसत नाही आणि भांड्यांची आकृती तेवढी जाणवत राहते.

दगड आणि फरशी

जोतिबाची देवळे काळ्या बेसाल्टची. केदारनाथाचे आजचे मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० साली बांधले, रामलिंगाचे मंदिर १७८० मधले आणि केदारेश्वराचे दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये उभारलेले. या काळ्या दगडावर वर्षानुवर्षे उधळलेला गुलाल आणि खाली गुलालानेच रंगलेले पटांगण हे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला रंगसंगतीसाठी परदेशी पुस्तक चाळण्याचे कारण नाही. गडद, मंद, खरखरीत पार्श्वभूमी आणि तिच्यावर एकच उत्कट रंग. स्वयंपाकघरात हे सूत्र सहज उतरवता येते. काळा ओटा, भिंती चुन्यासारख्या शुभ्र वा किंचित पिवळसर आणि एकाच ठिकाणी, मग ते एखाद्या कपाटाचे दार असो वा खिडकीची चौकट, गेरूचा तांबडा किंवा गुलालाचा गुलाबी रंग. दोन ठिकाणी केला की त्याची जत्रा होते.

ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट हा आजही सर्वांत निर्धास्त पर्याय आहे. संगमरवर दिसायला मोहक, पण लिंबाने आणि चिंचेने त्याची झिलई जाते आणि हळदीचा डाग तो पिऊन टाकतो. आपल्याकडे हळदीवाचून पान हलत नाही, तेव्हा संगमरवराचा मोह आवरावा. क्वार्ट्झ नावाने मिळणारा कृत्रिम दगड डाग धरत नाही, परंतु त्यात राळेसारखा बांधक पदार्थ असल्याने शेगडीवरून उतरवलेला तापलेला तवा थेट ठेवल्यास पृष्ठभाग खराब होतो. कमी खर्चात करायचे असेल तर कडप्पा वाईट नाही. त्याची काळी, किंचित मंद छटा पितळी भांड्यांशी फार छान जुळते. तो पाणी आणि तेल शोषतो, म्हणून त्याला अधूनमधून सीलर लावावा लागतो एवढेच.

जमिनीसाठी शहाबादी फरशीला आपण फार लवकर निरोप दिला असे वाटते. कर्नाटकातल्या शहाबादहून येणाऱ्या या करड्या-निळसर दगडाच्या फरश्या पायाला गार लागतात, पाणी सांडले तरी आरशासारख्या निसरड्या होत नाहीत आणि वापराने गुळगुळीत होत जातात. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर तेलाचा थेंब सांडला की वयस्कर माणसाचा पाय घसरलाच म्हणून समजा. टाइल्सच घ्यायच्या असतील तर मॅट पृष्ठभागाच्या घ्याव्यात. ओट्यामागच्या भिंतीचे उलट आहे. तिथे, म्हणजे ज्याला गवंडी ‘डॅडो’ म्हणतो त्या भागावर, गुळगुळीत चकाकीच्या टाइल्स घ्याव्यात, म्हणजे तेल पुसता येते. सांध्यांमध्ये साधे सिमेंट न भरता इपॉक्सी भरून घ्यावे. थोडा खर्च वाढतो, परंतु सहा महिन्यांत पिवळे पडणारे सांधे हा नव्या स्वयंपाकघराचा सर्वांत मोठा वैरी आहे. फळांची, कपबश्यांची आणि ‘शेफ’च्या टोपीची चित्रे असलेल्या टाइल्सविषयी काही न बोललेलेच बरे.

ओट्याची उंची

उभ्याने स्वयंपाक करण्याची पद्धत रूढ झाली तेव्हापासून ओट्याच्या उंचीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दुकानदाराकडे नसते, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरात असते. सरळ उभे राहून कोपर काटकोनात दुमडावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की चिरण्या-निवडण्यासाठी योग्य उंची मिळते. सामान्यतः ती ३२ ते ३४ इंचांच्या आसपास येते. पोळी लाटताना मात्र वरून दाब द्यायचा असतो, त्यामुळे तो भाग आणखी दोन-तीन इंच खाली असलेला बरा. पुरणपोळी तर हलक्या हाताने पण समान दाबाने लाटावी लागते आणि पोळपाटाची स्वतःची उंचीही त्यात मिळवायची असते. ओट्याच्या एका टोकाला पायरी देऊन किंवा खालून बाहेर ओढता येईल अशी भक्कम फळी बसवून ही सोय करता येते. गॅसची शेगडी ओट्यावर ठेवली की पातेल्याची उंची पाच-सहा इंचांनी वाढते हेही विसरू नये. हॉब दगडात बसवल्यास हा प्रश्न येत नाही. मात्र दोन बर्नरमधले अंतर आपल्या पातेल्याच्या घेराशी ताडून पाहावे. कारण वर सांगितलेच आहे.

घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्ती एकाहून अधिक असतात आणि त्यांची उंची सारखी नसते. मुलगेही आता ओट्याशी उभे राहू लागले आहेत, निदान रविवारी तरी. अशा वेळी रोज जास्त वेळ ओट्याशी जाणाऱ्या व्यक्तीचे माप प्रमाण मानावे. उंच माणूस जाड पाट वापरून आपली सोय करून घेऊ शकतो. ठेंगण्या बाईला रोज चौरंगावर उभे करणे मात्र धोक्याचे.

प्रकाश, धूर आणि पाऊस

छताच्या मधोमध एक दिवा असला की काम करणाऱ्याची सावली नेमकी चिरायच्या भाजीवर पडते. वरच्या कपाटांच्या खालच्या कडेला एलईडीची पट्टी बसवली तर हा दोष जातो. फार पांढऱ्या-निळसर प्रकाशात अन्न फिके दिसते आणि फार पिवळ्या प्रकाशात तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा यांतले अंतरच कळेनासे होते, म्हणून मधला, चार हजार केल्विनच्या आसपासचा दिवा निवडावा. जेवायच्या मेजावर मात्र पिवळसर प्रकाश शोभतो. जुन्या घरातला एखादा ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील सापडलाच तर त्यात छोटा विजेचा दिवा बसवून तो मेजावर टांगता येईल.

चिमणी घेताना तिचे तोंड शेगडीपासून साधारण २४ ते ३० इंच उंचीवर येईल असे पाहावे आणि तिची नळी घराबाहेर काढावी. नळीशिवायची चिमणी हवा गाळून पुन्हा घरातच सोडते, त्यामुळे उष्णता आणि बाष्प जागच्या जागी राहतात. मिरचीची फोडणी ज्या घरात नित्याची आहे तिथे खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा यांना पर्याय नाही.

पन्हाळा-जोतिबाच्या परिसरात पावसाळ्यात दिवसचे दिवस धुके आणि झड असते. कोल्हापूर शहरातही जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते. अशा हवेत स्वस्त एमडीएफची कपाटे फुगतात, दारे लागत नाहीत, आत बुरशी धरते. सिंकखालच्या भागासाठी तरी आयएस ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लायवूड किंवा सरळ स्टीलची चौकट घ्यावी. कपाटे जमिनीपासून चार-सहा इंच वर पायांवर उभी करावीत, म्हणजे खालून झाडता-पुसता येते. रंगाच्या छटेवर तासन्‌तास घालवणारे ग्राहक या शिक्क्याबद्दल एक प्रश्नही विचारत नाहीत.

गॅसचे सिलिंडर कपाटात लपवण्याची पद्धत पडली आहे. ती सुबक दिसते, पण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. त्या कपाटाच्या दाराला खालच्या बाजूला जाळी हवीच. सिलिंडर उभेच ठेवावे, शेगडी त्याच्यापेक्षा उंचीवर असावी आणि रबरी नळी पाच वर्षांत बदलावी. या बाबतीत शोभा दुय्यम आहे.

थोडक्यात पालटायचे असेल तर

सर्वांनाच तोडफोड परवडत नाही आणि भाड्याच्या घरात ती करताही येत नाही. अशा वेळी पालट करण्याजोग्या जागा तीन. एक, कपाटांच्या मुठी. प्लास्टिकच्या मुठी काढून पितळेच्या लावल्या तर अर्ध्या दिवसात खोलीचे रूप बदलते. दुसरी, खिडकी. तिच्यातली जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या आणि बंद पडलेला मिक्सर हलवून तिथे कढीपत्ता, गवती चहा, ओवा यांच्या कुंड्या ठेवाव्यात. कुंड्या मातीच्याच असाव्यात. कुंभाराकडून घेतलेल्या साध्या तांबड्या कुंडीला रंग देण्याची गरज नसते. तिसरी जागा म्हणजे डब्यांची रांग. निरनिराळ्या कंपन्यांच्या बिस्किटांचे, तुपाचे आणि चहाचे डबे काढून एकाच धातूचे डबे लावले की डोळ्यांना विसावा मिळतो. ते नवे घेण्यापूर्वी आई-सासूबाईंकडे, मामींकडे चौकशी करावी. स्टीलच्या एकावर एक बसणाऱ्या डब्यांचा संच बहुतेक घरांत कुठेतरी पडून असतो.

अनेक लहान घरांत देवघरही स्वयंपाकघरातच असते. त्याला शेगडीच्या धुरापासून दूर, पण नैवेद्य दाखवायला सोयीची जागा द्यावी. लहानसा दगडी कोनाडा, पितळी समई, चैत्रात जोतिबाला वाहून आणलेल्या दवण्याची जुडी. या दवण्याचा सुवास वाळल्यावरही बराच काळ टिकतो. देवाचा गुलाल मात्र झाकणाच्या डबीत ठेवावा, पांढऱ्या दारांवर बोटे उमटली की ती सहजी निघत नाहीत. डोंगरावर कोणाला त्याची फिकीर नसते. तिथल्या उंबऱ्यांवर आणि भिंतींवर तो गुलाल मुरलेला असतो.

आमच्या घरी पुढच्या वर्षी दोन ट्रॉल्या काढून तिथे मोकळी जागा केली, ओट्याच्या टोकाला दोन इंचांची पायरी घेतली आणि सिंक मोठे बसवले. मोडीत गेलेले पातेले परत मिळणे शक्य नव्हते. जुन्या भांड्यांच्या दुकानांतून तीन रविवार हिंडल्यावर तेवढ्याच घेराचे एक मिळाले. त्याच्या काठावर दुसऱ्याच कोणाच्या तरी आजीचे नाव कोरलेले आहे. आईने ते पुसू दिले नाही. कल्हई मात्र दरवर्षी माघापूर्वी करून घ्यावी लागते आणि कारागीर आता दाराशी येत नसल्याने ते पातेले रिक्षात घालून बाजारापर्यंत नेण्याचे काम आमच्याकडे आले आहे.